डबे मीच हलवले

हरेशचा फोन आला तेव्हा मी गोडदेवच्या आमच्या घरात स्टुलावर चढून ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवत होतो. वायरलेस दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरातली ट्यूब तीन-तीन आठवडे लुकलुकत राहते, याचं आमच्या बिल्डिंगमध्ये आता कोणाला नवल वाटत नाही. बायकोने खालून रिसीव्हर वर धरला. पलीकडे हरेश होता, चौक गावचा, जनाबायचा मुलगा. म्हणाला, "मिस्त्री, आई गेली. सकालीच. चा पीत व्हती." अशा वेळी माणसाने काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही, आणि न सुचल्यावर तोंडातून जे बाहेर पडतं त्यावर माझा ताबा नसतो. मी म्हणालो, "ऐकलं. ओव्हर." फोनवर! पलीकडच्या त्या रडवेल्या आवाजात हसल्यासारखं काहीतरी आलं. "आईला सांगाया पायजे व्हतं हे," हरेश म्हणाला, आणि आम्ही दोघंही फोन ठेवायचं विसरून तसेच उभे राहिलो. म्हणजे तो उभा असावा. मी स्टुलावर होतो.

जनाबाय ही चौकच्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत, किनाऱ्यावरच्या वायरलेस सेटसमोर बसणारी बाई. कागदोपत्री तिची नेमणूक कुठेच नव्हती. समुद्रावर गेलेल्या तेवीस बोटींना मात्र तिचा आवाज ऐकल्याशिवाय किनारा जागेवर असल्याची खात्री वाटत नसे.

माझी तिची ओळख मात्र त्याच्या फार आधीची, मी परळची खोली सोडून भाईंदरला राहायला आलो त्या सुमाराची, म्हणजे ऐंशीचं दशक संपत होतं तेव्हाची. मुंबईत बोटींचे वायरलेस विकणाऱ्या एका कंपनीत मी मेकॅनिक होतो, आणि रविवारी घरच्या बाल्कनीत बसून लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचो. जनाबाय म्हावऱ्याची पाटी घेऊन आमच्या बाजूला यायची. एकदा तिने पाटीतूनच, बर्फाच्या शेजारून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ट्रान्झिस्टर काढला. तिचा नवरा हिराजी नाखवा त्यावर हवामानाच्या बातम्या ऐकायचा. आत इतकं मीठ साठलं होतं की आमच्या आमटीला आठवडाभर पुरलं असतं. मी उघडला, साफ केला, बंद केला. पुढच्या रविवारी ती हजर. "मिस्त्री, बोलतंय ब्येस. पन हलवला का आत कायतरी खुळखुळतंय." उघडून पाहिलं तर आत माझाच छोटा पाना. तो हरवला म्हणून मी आठवडाभर बायकोवर आळ घेत होतो. जनाबायने पाना उचलला, स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "वैनी, सापडला गो! नाखव्याच्या रेडिओत राहायला गेला व्हता." त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं वजन माझ्यापेक्षा जास्त झालं ते झालंच. मी तिला काकी म्हणू लागलो. ती मला शेवटपर्यंत मिस्त्रीच म्हणायची, पण त्या एका शब्दात शिवी, लाड आणि आज्ञा हे तिन्ही बसवायची कला तिच्याकडे होती.

नव्वदचं दशक निम्मं सरल्यावर आमच्या कंपनीकडे परदेशातून नवे सेट आले आणि चौकच्या सोसायटीने ते घ्यायचं ठरवलं. जुन्या वायरलेसवर बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं, एवढंच काम असे. या नव्या सेटवर, एका छोट्या झाकणाखाली, एक लाल बटण होतं. झाकण उचलून ते पाच सेकंद दाबून धरलं की माणसाला बोलावं लागतच नाही. सेट स्वतःच आकड्यांच्या भाषेत मदतीची हाक मारतो, टप्प्यातला तसला प्रत्येक सेट किंचाळायला लागतो आणि त्याच्या पडद्यावर हाक मारणाऱ्या बोटीचा नऊ आकडी नंबर उमटतो. बुडताना माणसाचं तोंड पाण्याने भरलेलं असतं, तेव्हा हे बरं... असं मी सोसायटीच्या खोलीत जमलेल्या नाखव्यांना मोठ्या थाटात समजावून सांगत होतो. "हे बटण गंमत म्हणून कधीही दाबायचं नाही," मी म्हणालो, आणि दाबून धरायचं म्हणजे किती वेळ ते नीट कळावं म्हणून मोजून दाखवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. बोट बटणावर ठेवूनच मोजलं हे माझ्या लक्षात आलं तेव्हा भिंतीवरचा सेट किंचाळत होता, खाडीतल्या बोटींवरचे सेट किंचाळत होते आणि सरकारी किनारा-केंद्रातला एक साहेब करड्या इंग्रजीत विचारत होता की तुमच्यावर नेमकं कसलं संकट आलंय. मी माईक हातात घेऊन म्हणालो, "डेमॉन्स्ट्रेशन, सर." दाराबाहेर जनाबाय दोरीवर बोंबील वाळत घालत होती. ती हसून हसून खाली बसली. अध्यक्ष पांडू नाखवा मात्र हसला नाही. "मिस्त्री, तुमी शिकवलाव ते आमी समजलाव," तो म्हणाला. "आता तुमी ह्या बटनापासून लांब ऱ्हावा."

किनाऱ्यावरच्या सेटवर बसायला सोसायटीने एक बारावी पास गृहस्थ ठेवले होते. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं आणि चहाची टपरी जवळ होती. एका दुपारी सेटवरून कोणीतरी हाका मारतंय, खोलीत कोणी नाही, बाहेर जनाबाय बोंबलांच्या रांगेत उभी. तिने हात पदराला पुसले, आत गेली आणि माईक उचलला. नंतर मला म्हणाली, "यवढा वरडतंय बिचारा, आनि कोनी ओ देत न्हाय. मना बरं वाटलं न्हाय." महिनाभरात ते गृहस्थ टपरीवर कायमचे स्थायिक झाले आणि ती सेटवर. मी तिला शिकवायला दर पंधरा दिवसांनी बसने जायचो. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं, हे ती एका मिनिटात शिकली. मी तिला शिकवताना स्वतः तीनदा चुकलो. बोटींचे नऊ आकडी नंबर मी सुबक तक्त्यात लिहून भिंतीला लावले होते. तिने तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नऊ आकड्यांचे तीन-तीन तुकडे पाडून ते हळदीच्या गाण्याच्या चालीवर बसवले आणि तेवीसच्या तेवीस पाठ केले. बोंबील साफ करताना ती नंबर गुणगुणायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, कोणाच्या तरी घरी लग्न आहे.

आता मला त्या नंबरांच्या लग्नातल्या माझ्या कर्तबगारीकडे यायला हवं. इतकी वर्षं स्वतःच्या फजितीचे किस्से सांगून मी लोकांना हसवत आलोय, पण हा एक किस्सा मी कधी सांगितला नाही.

सेटमध्ये बोटीचा नंबर एकदाच घालता येतो. चुकला तर सेट कंपनीत परत न्यावा लागतो आणि घालणाऱ्याला साहेबासमोर उभं राहावं लागतं. सेट बोटींवर बसवण्याआधी मी ते सगळे गोडदेवला घरी आणून, जेवणाच्या टेबलावर बसून नंबर घातले होते. प्रत्येक सेटच्या पाठीवर बोटीच्या नावाची चिठ्ठी आधीच चिकटवली होती. यादीत 'जलकन्या' आणि 'धनलक्ष्मी' लागोपाठ होत्या, म्हणून त्यांचे सेटही टेबलावर शेजारी-शेजारी. जलकन्या हरेशची, धनलक्ष्मी पांडू नाखव्याची. मध्येच टीव्हीवर कोणीतरी आउट झालं म्हणून मी उठलो. परत बसलो तो दुसऱ्याच सेटसमोर. चिठ्ठ्या पाठीवर, माझं तोंड पुढच्या बाजूला... जलकन्याच्या सेटात धनलक्ष्मीचा नंबर गेला आणि धनलक्ष्मीच्या सेटात जलकन्याचा. आपण काय केलंय याचा मला पत्ताच नव्हता. पुढे चौकला सगळे सेट पाटावर मांडून त्यांची पूजा झाली. गावातल्या कुठल्याही नव्या वस्तूला, जाळं असो की इंजिन, पहिलं कुंकू जनाबायच्या हातचं लागायचं. तिने तेवीस डब्यांना कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि एकेक उचलून ज्याच्या-त्याच्या हातात दिला.

त्यानंतरच्या भाद्रपदातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. मी खोलीत सेटची तार तपासत होतो, जनाबाय स्टुलावर होती. सेट किंचाळला. पडद्यावर नंबर उमटला आणि ती चालीवर म्हणाली, "धनलक्ष्मी." मी खिडकीतून बाहेर पाहिलं. धनलक्ष्मी समोरच वाळूवर उभी, तिच्या बुडाला डांबर लावायचं काम चाललेलं. मी हसलो. "कोणीतरी झाडताना बटण दाबलं असेल, काकी. माझ्यासारखंच." आणि आवाज बंद केला. मी त्या दिवशी एकटा असतो, तर इथेच ती हाक संपली असती. या वाक्यापाशी मी अजूनही थांबतो.

जनाबाय उठली. पन्नाशी उलटलेली बाई, वाळूतून पळत गेली, शिडी चढली, धनलक्ष्मीच्या केबिनमध्ये डोकावली आणि तशीच पळत परत आली. "ब्याटरीच न्हाय तिच्यात. चार्जिंगला नेलीय. बिनब्याटरीचा डबा कसा वरडंल?" मी म्हणालो, "असं कसं..." ती म्हणाली, "तुझी ती यादी काढ. जिच्यावरनं तू नंबर घातलास ती." मी खिशातून चुरगळलेला कागद काढला. तिने धनलक्ष्मीवर अंगठा ठेवला. "खाली कोन?" खाली नवदुर्गा. तिने नवदुर्गाला हाक मारली. तिकडून लगेच आवाज आला, "हा, बोल जनाबाय." "कुशल हाव ना?" "कुशल हाव." "वर कोन?" तिने विचारलं. वाचायची गरजच नव्हती, नाव तिच्या अंगठ्याच्या वर दिसत होतं. तिने हाक मारली, "जलकन्या, जलकन्या." एकदा, दोनदा, पाचदा. तिचा आवाज एकदाही चढला नाही.

डोल जाळ्याच्या मासेमारीत प्रत्येक बोटीची समुद्रातली जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. तिथे खुंट ठोकलेला असतो, जाळं त्यालाच बांधतात. म्हणजे बोट कोणती ते कळलं की ती कुठे ते कळलंच. धनलक्ष्मीचा खुंट उत्तरेला, जलकन्याचा दक्षिणेला खोल पाण्यात. तिने नवदुर्गा धरून जवळच्या दोन बोटींना सांगितलं, "आमच्या हरेशच्या खुंटावर जावा. जालं ऱ्हाऊंदे, कापा, पन जावा." मग माईक खाली न ठेवता ती बसून राहिली. पाऊण तास. मी तिच्या मागे उभा होतो, पाणी हवंय का विचारायचंही धाडस झालं नाही. अखेर नवदुर्गाचा आवाज आला. जलकन्याच्या बुडातली, पंख्याजवळची फळी उघडली होती, इंजिन आणि बॅटरी दोन्ही पाण्यात, एवढी एक हाक गेली आणि सेट मेला. हरेश धरून पाची जण जाळ्याच्या तरंगत्या पिंपांना लटकलेले सापडले. पाचही जिवंत. जनाबायने माईक ठेवला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मिस्त्री, आता मना पानी दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच धनलक्ष्मीवर चढलो. मी सेट सोडवून उलटा केला. पाठीवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, 'धनलक्ष्मी'. आत नंबर जलकन्याचा. डबा बरोबर बोटीत आला होता, आतला नंबर चुकीचा होता. म्हणजे ही चूक पूजेच्या पाटावर झालेली नव्हती, ती माझ्या जेवणाच्या टेबलावर झाली होती. जनाबायने तो डबा माझ्याकडून घेतला, चिठ्ठीवर थुंकी लावली आणि अंगठ्याच्या नखाने ती खरवडून काढली. ओढून आणलेल्या जलकन्यातला भिजका सेट होता, त्याचीही काढली. मी म्हणालो, "काकी, हे काय?" ती म्हणाली, "घान साफ करते."

संध्याकाळी सोसायटीची सभा भरली. नंबर उलटेपालटे झाले कसे? पांडू नाखवा माझ्याकडे पाहत होता. मी उभा राहिलो, तोंड उघडलं... आणि मागून, बायकांच्या बाजूने आवाज आला. "डबे मीच हलवले. पूजेला उचलताना ह्याचा त्याला दिला आसंल. चिठ्ठ्या ओल्या व्हत्या, निघाल्या." सभेत गलका झाला. आणि मग, वाचकहो, मी खाली बसलो.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "काकी, असं का केलंत?" ती चालतच राहिली. "तू चुकलास आसं कललं, तर उद्या सगले डबे काढून खाडीत टाकतील. बोलतील, ह्या डब्यांचा काय भरवसा. बाई चुकली तर डबा चांगलाच ऱ्हातो." जरा थांबून म्हणाली, "आनि तुझी नोकरी गेली तर नवीन मिस्त्री येल. त्याला परत पयल्यापासून शिकवू?" मी हसलो. तिला तेच हवं होतं.

डबे बोटींवर राहिले. ते दोन सेट मी गुपचूप कंपनीत नेऊन, कपाटाची किल्ली असलेल्या मित्राच्या पाया पडून, दुरुस्त करून आणले. किंमत जनाबायने मोजली, तीही मला दिसेल अशा ठिकाणी. गावात नव्या वस्तूची पूजा असली की आता तिला कोणी पुढे बोलवेना. हरेशची नवी बोट पाण्यात उतरली त्या दिवशी मी गेलो होतो. नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, पहिलं कुंकू आईच्या हातचं लागतं. लावलं पांडू नाखव्याच्या बायकोने. जनाबाय गर्दीच्या मागे, माझ्या शेजारी, दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी होती. मी हळूच म्हणालो, "सांगू का आता?" ती म्हणाली, "गप. नारळाकडं बघ, सुका हाय का ओला." नारळ ओला निघाला. तिने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मला वाटलं, तिला याचं काही वाटत नाही. जे मानणं सोयीचं असतं ते मला फार पटकन वाटतं. चार वर्षं मला तसंच वाटत राहिलं.

जनाबायचं तेरावं झाल्यावर आठवड्याभराने मी चौकला गेलो. हरेश पुन्हा समुद्रावर गेला होता. हिराजी नाखवा ओट्यावर एकटाच बसला होता. हा माणूस मुळात कमी बोलणारा, त्यात आता बोलायला कोण उरलं होतं? मी त्याच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. टेबल, टीव्ही, चिठ्ठ्या, नख. मध्ये दोनदा विनोद करायचा प्रयत्न केला, तो मलाच ऐकवला नाही. नाखवा रागावेल, हात उगारेल असं मला वाटत होतं. तो समोरच्या, बोंबलांच्या रिकाम्या दोऱ्यांकडे वळला. मग म्हणाला, "मनाबी न्हाय बोल्ली." आणि जरा वेळाने, "हरेशच्या बोटीला हात लावू नको, ह्या मीच तिला सांगितला व्हता. लोकांच्या आधी मी."

मला वाटत होतं, मी माझं ओझं उतरवायला आलोय. ते उतरलं, पण त्या म्हाताऱ्याच्या अंगावर. मी माफी मागायला लागलो तर तो उठला. गुडघे धरत, सावकाश. "मना सांगून काय व्हनार? मी घरात बोललो, लोक गावात बोलले. चल."

तो मला सोसायटीच्या खोलीत घेऊन गेला. सेटसमोर तिचं स्टूल, स्टुलावर घडी घातलेलं गोणपाट, बसून बसून मधोमध खोलगट झालेलं. तिथे आता पांडू नाखव्याची सून बसते. ती उठली. हिराजी नाखव्याने बोटींच्या नेहमीच्या बोलण्याचा चॅनेल लावला आणि माईक माझ्यासमोर धरला. "सगल्या बोटी हायत आता पान्यात. बोल."

बारा वर्षं मी लोकांना माईकचं हे बटण दाबायला शिकवतोय. दाबलं. सोडलं. परत दाबलं. स्टुलावर बसायचं धाडस झालं नाही, उभ्यानेच बोललो. माझं नाव सांगितलं. म्हणालो, "जनाबायने डबे हलवले नव्हते. नंबर मी चुकवले होते. माझ्या घरी. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी चार वर्षं गप्प बसलो." एवढंच. कंपनीचे साहेब वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात की नाही मला माहीत नाही. वाचत असतील तर त्यांनाही कळलं.

बटण सोडलं. सून भिंतीला टेकून उभी, हिराजी नाखव्याची नजर सेटवर. मग नवदुर्गावरून आवाज आला, "ऐकलं." मग आणखी एक, "ऐकलं, मिस्त्री." मग एकामागून एक, कोणी फक्त बोटीचं नाव घेतलं, कोणी तेही नाही. धनलक्ष्मीवरून पांडू नाखवा म्हणाला, "ऐकलं. आमच्या घरातबी सांगतो."

सर्वांत शेवटी हरेश. सेट त्या दिवशी काचेसारखा साफ बोलत होता, त्याच्या मागचं इंजिन, वरचे पक्षी, सगळं खोलीत ऐकू येत होतं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "नीट ऐकू आलं न्हाय. परत सांगा."

मी परत सांगितलं.